बाळंतिणीचा पहिला तास

(बुलढाणा जिल्ह्यात आरोग्यसेवेचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सिंदखेडराजा हे बुलढाणा जिल्ह्याचे तीर्थक्षेत्र. १५९८ साली लखुजीराव जाधवांच्या कुळात तेथे जिजाऊंचा जन्म झाला. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी गडावर त्या प्रसूत झाल्या आणि महाराष्ट्राचे भाग्य उजळले. दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजात लोटणारा जनसागर या मातृत्वालाच वंदन करावयास येत असतो.

याच काळातील दुसरी एक प्रसूती मात्र फारशी कोणाला आठवत नाही. जळगाव जामोदच्या उत्तरेस सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूर लागते. शिवजन्मानंतर अवघ्या सोळा महिन्यांनी, १७ जून १६३१ रोजी, शाहजहान बादशहाची पत्नी मुमताज महल हिने तेथे आपल्या चौदाव्या अपत्याला जन्म दिला आणि तिचे प्राण गेले. सुमारे तीस तासांच्या कळा आणि प्रसूतीनंतर न थांबलेला रक्तस्राव, हे तिच्या मृत्यूचे कारण मानले जाते. अर्ध्या हिंदुस्थानची संपत्ती जिच्या पायाशी होती, दरबारचे हकीम जिच्या दाराशी उभे होते, तिला वाचविणारे साधन त्या काळात जगात कोणापाशीच नव्हते. पुढे तिच्या नावाने संगमरवराची वास्तू उभी राहिली. ती पाहणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, ते एका बाळंतिणीचे थडगे आहे.

आज परिस्थिती अशी आहे की, जी साधने बादशहाला मिळाली नाहीत ती तालुक्याच्या गावातील प्रसूतिगृहात ठेवता येतात. त्यांपैकी बहुतेक स्वस्त आहेत. तरीही २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लक्ष स्त्रियांना प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होतो आणि सुमारे ७० हजार माता त्यात दगावतात. भारतातील चित्र गेल्या दोन दशकांत पुष्कळ सुधारले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. २००१-०३ या काळात दर लक्ष जिवंत जन्मांमागे देशात ३०१ आणि महाराष्ट्रात १४९ माता मृत्यू पावत होत्या. २०१८-२० च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे ९७ आणि ३३ वर आले. जुन्या पाहणीत सर्व मातामृत्यूंपैकी ३८ टक्के मृत्यू एकट्या रक्तस्रावाने झालेले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. याचा अर्थ बाळंतीण आता दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचली आहे. यापुढचा प्रश्न त्या दाराच्या आतला आहे, आणि म्हणून तो अधिक अवघड आहे.

हा रक्तस्राव होतो कसा, हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेणे आवश्यक आहे. कारण न समजलेल्या गोष्टीविषयी समाजाशी बोलता येत नाही. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर वा त्याहून अधिक रक्त वाहत असते. बाळाचे पोषण त्यावरच होते. बाळ जन्मले, वार सुटली, की वार जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. निसर्गाने याची फार सुंदर योजना केली आहे. गर्भाशयाचे स्नायू जाळीसारखे एकमेकांत गुंफलेले असतात. ते आकुंचन पावले की त्यांच्यामधून गेलेल्या रक्तवाहिन्या गाठ मारल्याप्रमाणे आवळल्या जातात. बेंबीखाली हात ठेवला तर गर्भाशय नारळासारखे कठीण लागते. ते तसे लागले की निम्मी काळजी मिटली. पण कळा फार लांबल्या, जुळे होते, पोटात पाणी जास्त होते, कळा वाढविण्याची औषधे अनिर्बंध दिली गेली, किंवा कधी कधी कोणतेही कारण न दिसता, हा स्नायू थकतो आणि सैल पडतो. दहांपैकी सात अतिरक्तस्राव अशा सैल पडलेल्या गर्भाशयामुळे होतात. उरलेल्यांत वारेचा तुकडा आत राहणे, योनिमार्गाला वा गर्भाशयाच्या मुखाला इजा होणे, आणि रक्त गोठण्याची क्रियाच बिघडणे ही कारणे असतात.

कोणाला हा धोका संभवतो, याची पूर्वसूचना मिळते असे मात्र नाही. पहिलटकरीण असो वा तिसरे बाळंतपण, शिकलेली असो वा अशिक्षित, ज्यांच्याविषयी कोणतीही भीती नव्हती अशा स्त्रियांतही हा प्रसंग ओढवतो. म्हणून ‘धोक्याची बाळंतीण’ निवडून तिच्यापुरती तयारी करण्याचे धोरण येथे अपुरे पडते. तयारी प्रत्येकीसाठी करावी लागते.

ती तयारी बाळाच्या जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटापासून सुरू होते. बाळ बाहेर येताच, आणखी एखादे बाळ पोटात नाही याची खात्री करून, आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन स्नायूत द्यावयाचे. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापावयाची, म्हणजे बाळाला त्याच्या वाट्याचे रक्त मिळते. वार हलक्या, नियंत्रित ओढीने, एका हाताने गर्भाशयाला वर आधार देऊन काढावयाची. ती पूर्ण आली की नाही हे उलटसुलट करून पाहावयाचे. नंतर गर्भाशय कठीण आहे ना, हे पुनःपुन्हा हात ठेवून तपासावयाचे. यात कोणतेही महागडे यंत्र नाही. लागते ती शिस्त. शाखेत वेळेवर येण्याची सवय ज्याला लागली आहे त्याला शिस्तीचे महत्त्व सांगावे लागत नाही. प्रसूतिकक्षात मात्र ती रात्री तीन वाजता, सलग चौथी प्रसूती करीत असलेल्या एकट्या परिचारिकेकडून अपेक्षित असते. तिच्यावर टीका करण्यापूर्वी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

इतके करूनही काही जणींना रक्तस्राव होतोच. येथे खरा प्रश्न उभा राहतो तो असा की, रक्त जास्त जात आहे हे कळते केव्हा?

वर्षानुवर्षे हे नजरेने ठरविले गेले. चादर किती भिजली, बादलीत किती पडले, फडके किती लागले यावरून ‘नेहमीइतकेच आहे’ किंवा ‘जरा जास्त वाटते’ असे शेरे केसपेपरवर पडत आले. अनुभवी नजर चुकत नाही, असा सर्वांचा समज होता. हा समज खोटा आहे हे ज्या प्रयोगाने लख्ख दाखविले, तो मराठी माणसाच्या जिव्हाळ्याच्या बेळगावात झाला. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह रक्त मोजण्यासाठी प्लास्टिकची एक साधी पिशवी तयार केली. बाळाचा जन्म झाला की ती आईच्या कमरेखाली सरकवून पट्ट्यांनी बांधावयाची. तिचा खालचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता, आणि त्यावर दुधाच्या मापावर असतात तशा रेघा. किती मिलीलिटर रक्त गेले ते कोणालाही वाचता यावे. या पिशवीतील मोजमाप आणि नजरेचा अंदाज यांची तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरला. म्हणजे सहाशे मिलीलिटर रक्त गेलेले असताना ‘चारशे गेले, काळजी नाही’ असे म्हटले जात होते.

याच पिशवीच्या आधारे २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत, घरी व उपकेंद्रांत बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांवर एक अभ्यास झाला. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन जेथे मिळणे शक्य नव्हते तेथे परिचारिकांनी अर्ध्या स्त्रियांना प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या. गोळी न मिळालेल्यांत १२ टक्के स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला, गोळी मिळालेल्यांत ६.४ टक्क्यांना. ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास प्रसिद्ध केला आणि २०११ साली या उपयोगासाठी ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी खेड्यात बसून साऱ्या जगाला धडा दिला, असे हे उदाहरण. सीमाभागाच्या वादापलीकडे बेळगावची ही ओळख महाराष्ट्रातील किती घरांपर्यंत पोहोचली असेल?

मोजण्याचे महत्त्व पुढे आफ्रिकेत सिद्ध झाले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत दोन लक्षांहून अधिक प्रसूतींवर केलेला एक अभ्यास मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णालयांत नेहमीचे उपचार चालू राहिले. उरलेल्यांत रेघा असलेली पिशवी वापरली गेली, आणि रक्त ठरावीक खुणेपर्यंत आले की पाच गोष्टी एकापाठोपाठ एक नव्हे, तर एकदमच सुरू केल्या गेल्या : गर्भाशयाचे मर्दन, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, आणि रक्त कोठून येते आहे याची तपासणी. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी जेमतेम निम्म्याच वेळेत ओळखल्या गेल्या होत्या. पिशवीमुळे ९३ टक्के ओळखल्या गेल्या. एक लिटरहून अधिक रक्त जाणे, रक्तस्रावासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू येणे, अशा गंभीर परिणामांचे प्रमाण ४.३ टक्क्यांऐवजी १.६ टक्के राहिले. नवे औषध शोधले गेले नव्हते. डॉक्टरही तेच होते. फरक पडला तो मोजण्याने, आणि मोजल्यावर वाट न पाहण्याने.

पूर्वी उपचारांची रीत पायरीपायरीची होती. आधी एक औषध, त्याने गुण येतो का पाहू, मग दुसरे. या ‘पाहू’मध्ये माता जात असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि स्त्रीरोगतज्ज्ञ व सुईणींच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली, ती आणखी एक पाऊल पुढे गेली आहेत. पाचशे मिलीलिटरची वाट न पाहता, तीनशे मिलीलिटर रक्त गेले असेल आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, तर त्याच क्षणी उपचार सुरू करावेत, असे त्यांचे सांगणे आहे. विदर्भातील कृश, रक्त कमी असलेल्या बाळंतिणीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. धडधाकट स्त्रीला जे पाचशे मिलीलिटर सोसते ते तिला सोसत नाही.

नाडीविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तरुण स्त्रीचे शरीर रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते. बरेच रक्त गेल्यानंतरही यंत्रावरचा आकडा ‘ठीक’ दिसतो आणि सारे निर्धास्त होतात. नाडी मात्र आधीच धावू लागलेली असते. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याच्या बरोबरीने जाऊ लागला, तर संकट दाराशी आले असे समजावे. घरच्या माणसांनाही काही खुणा कळू शकतात : बाळंतीण घामाने थबथबली, तिला फार तहान लागली, ती बेचैन झाली, जांभया देऊ लागली, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणू लागली, तासाभरात घडी पूर्ण भिजली, तर परिचारिकेला हाक मारण्यास संकोच करू नये. ‘बाळंतिणीचे वाईट रक्त निघून गेलेलेच बरे’ हा घराघरांतील जुना समज आहे. वाईट रक्त असे काही नसते. जाते ते तिचे जीवनच.

पाच गोष्टींतील ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची कथा मोठी उद्बोधक आहे. जपानमधील उताको ओकामोतो या महिला शास्त्रज्ञाने पती शोसुके यांच्यासमवेत १९६२ साली हे औषध शोधले, ते बाळंतिणीचा रक्तस्राव थांबावा म्हणूनच. पण प्रसूतीच्या वेळी ते वापरून पाहण्यास त्या काळी डॉक्टर तयार होईनात. अखेर २१ देशांतील वीस हजारांहून अधिक स्त्रियांवर चाचणी होऊन २०१७ साली निष्कर्ष आला : तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात, दर पंधरा मिनिटांच्या विलंबाने औषधाचा लाभ घटत जातो आणि तीन तासांनंतर तो उरत नाही. ओकामोतोबाई मात्र हा निकाल पाहण्यास राहिल्या नाहीत. आदल्याच वर्षी त्या निवर्तल्या होत्या.

ऑक्सिटोसिनची अडचण वेगळी आहे. ते थंडीत जपावे लागते, २ ते ८ अंश तापमानात. मे महिन्यात शेगाव-खामगावच्या सपाटीवर पारा चाळिशी ओलांडून जातो. औषधाची कुपी टेबलावर वा इंजेक्शनच्या ट्रेमध्ये दिवसभर पडून राहिली, शीतकपाटाची वीज गेली, तर कुपीवरचे नाव तेच राहते, गुण राहत नाही. परिचारिका इंजेक्शन देते, कागदावर नोंद होते आणि गर्भाशय सैलच राहते. प्रसूतिगृहाच्या शीतकपाटात लसी व औषधांखेरीज पाण्याच्या बाटल्या आणि डबे ठेवलेले असतात का, त्याचे दार दिवसातून किती वेळा उघडते, जनित्राची सोय आहे का, हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. पण तेथे मातेच्या प्राणाचा हिशेब दडलेला आहे. शीतकपाटाबाहेरही टिकणारे कार्बेटोसिन हे औषध २०१८ साली भारतासह दहा देशांत झालेल्या चाचणीत रक्तस्राव टाळण्यास ऑक्सिटोसिनइतकेच उपयुक्त ठरले आहे. उष्ण प्रदेशांनी त्याचा विचार आवर्जून केला पाहिजे.

याच औषधाची दुसरी, लज्जास्पद बाजूही आहे. दुभत्या गाईम्हशींना पान्हा फुटावा म्हणून ऑक्सिटोसिन टोचण्याचा दुष्ट प्रघात देशात अनेक ठिकाणी बोकाळला. गोमातेच्या या छळाला आळा घालण्यासाठी एप्रिल २०१८ मध्ये केंद्र शासनाने खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी घालणारी अधिसूचना काढली. हेतू योग्य होता. पण एकाच सरकारी कारखान्यावर साऱ्या देशाच्या बाळंतिणी विसंबून राहणे धोक्याचे, असा आक्षेप आला आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. गोठ्यातील गैरवापर हा चोरट्या, विनापरवाना मालाचा असतो. त्यावर कारवाई तेथेच झाली पाहिजे. गोमाता आणि जन्मदात्री माता यांच्यात निवड करण्याची पाळी समाजावर येऊ नये.

आता बुलढाणा जिल्ह्याकडे वळू. या जिल्ह्याचे दोन भाग निसर्गानेच पाडले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव आणि पूर्णेपलीकडे जळगाव जामोद, संग्रामपूर. मुंबई-हावडा लोहमार्ग घाटाखालून जातो. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी रेल्वे नाही. जिल्हा रुग्णालय घाटावर. भिंगारा, चाळीसटापरीसारख्या सातपुड्यातील वनवासी पाड्यांवरून निघालेल्या बाळंतिणीला आधी डोंगर उतरावा लागतो, मग सपाटी ओलांडावी लागते आणि जिल्हा रुग्णालयात जावयाचे तर पुन्हा घाट चढावा लागतो. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून घाटाखालच्या तालुक्यांचा आधार झाले आहे. सिंदखेडराजा, देऊळगावराजाकडील लोकांना जालना आणि छत्रपती संभाजीनगर सोयीचे पडते. २०२२ साली समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा भागातून जातो. बुलढाण्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ साली मान्यता मिळाली. रस्ते सुधारले, रुग्णवाहिका आल्या. १०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गर्भवतीला ने-आण, प्रसूती, औषधे आणि रक्त विनामूल्य मिळावे अशी शासनाची योजना २०११ पासून आहे.

मग माता जाते कोठे? ती जाते रस्त्यावर. लहान प्रसूतिगृहात रक्तस्राव सुरू होतो, तेथील डॉक्टर घाबरतो, ‘मोठ्या ठिकाणी न्या’ म्हणून चिठ्ठी देतो, नातेवाईक गाडी शोधतात, आणि तासदीड तास बाळंतीण गाडीत नुसती वाहत राहते. पुढच्या रुग्णालयात फोन गेलेला नसतो. रक्तगट कोणाला ठाऊक नसतो. तेथे पोहोचल्यावर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पुढे पाठविणे हा गुन्हा नाही. कित्येकदा तेच कर्तव्य असते. पण पाठविण्यापूर्वी ऑक्सिटोसिनची सलाइन चालू असली पाहिजे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलेले असले पाहिजे, मूत्राशय रिकामे केलेले असले पाहिजे, गर्भाशय दोन हातांत दाबून धरणारी परिचारिका गाडीत बरोबर बसलेली असली पाहिजे. गर्भाशयात फुगा बसवून आतून दाब देण्याची युक्तीही प्रवासात फार उपयोगी पडते. बांगलादेशातील डॉ. सायेबा अख्तर यांनी रबरी नळी आणि निरोध एवढ्यावर असा फुगा करून दाखविला आणि २००३ साली तो जगापुढे मांडला, खर्च नगण्य. त्याउपर शस्त्रक्रिया आहेच : गर्भाशय टाक्यांनी आवळणे, रक्तवाहिन्या बांधणे आणि सर्व उपाय थकले तर गर्भाशय काढणे. हा शेवटचा निर्णय नातेवाइकांना विचारला जातो तेव्हा ‘घरी विचारून सांगतो’ असे उत्तर येते. गावाकडे फोन लागतो, थोरल्यांची संमती येते, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. हा निर्णय सातव्या महिन्यातच घरात बोलून ठेवण्याचा आहे. बोलणे अशुभ वाटते हे खरे. पण पूर्वजांना ते अशुभ वाटत नव्हते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे. नवव्या महिन्याच्या आधीच ते सिद्ध करावयाचे. त्यात तूप, तेल, मध, औषधी, खाटा, तीक्ष्ण शस्त्रे असा सारा संभार मांडून ठेवावयाचा. अनेकदा प्रसूत झालेल्या, मायाळू, कुशल स्त्रियांनी तेथे असावयाचे. वार न पडल्यास काय करावे हेही सांगितले आहे : बेंबीच्या वरच्या बाजूस उजव्या हाताने दाबावे, पाठीला डाव्या हाताचा आधार द्यावा. त्यातील काही उपाय आज कालबाह्य आहेत आणि ते करूही नयेत. ‘सारे आमच्याकडे होतेच’ असे म्हणून स्वस्थ बसणे हा त्या ग्रंथांचा गौरव नव्हे. घेण्यासारखी आहे ती वृत्ती. संकट येण्यापूर्वी सामग्री मांडून ठेवण्याची ही वृत्ती आज प्रत्येक प्रसूतिकक्षात एका पेटीच्या रूपाने दिसली पाहिजे : औषधे, सलाइन, सुया, नळ्या, फुगा आणि मोजण्याची पिशवी एकाच पेटीत, म्हणजे मध्यरात्री किल्ली शोधावी लागणार नाही. १८८६ साली अमेरिकेत एम.डी. झालेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचाच. स्वतःचे दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या त्या मातेने परंपरेचा अभिमान बाळगला आणि त्याच वेळी नवे शास्त्र शिकण्यासाठी समुद्रही ओलांडला. तिच्या चरित्रात या दोहोंचा विरोध आला नाही.

डॉक्टर आणि परिचारिका आपले काम करतील. कार्यकर्त्यांच्या वाट्याला काय येते? पहिले काम घरातले, गर्भवतीच्या रक्ताचे. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवतींना रक्ताल्पता होती. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्ताल्पता. सातवर असलेली स्त्री बाळंतपणाला बसते तेव्हा तिच्या गाठीशी काहीच नसते. कापूस वेचणी आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत राबणारी, सर्वांना वाढून उरलेले खाणारी सून हे चित्र खेड्यात दुर्मीळ नाही, आणि सुखवस्तू घरांतही ते आढळते, एवढे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. लोहाच्या गोळ्या आशाताई देतात. त्या उशाखाली राहतात, कारण मळमळते, शौचाला काळे होते. सासूबाईंनी शेजारी बसून गोळी घ्यावयास लावली तर जे होईल ते पत्रके वाटून होणार नाही. गोळ्यांनी भागत नसेल तर शिरेतून लोह देता येते. त्यासाठी बाळंतपणाची वाट पाहू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी होते, ती २०१६ पासून चालू आहे. वस्तीतील किती जणी तेथे गेल्या, याची यादी स्थानिक भगिनींकडे असावी.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ती गोड आहे, पण तिच्यात एक फट आहे. सून सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि तपासणीचे कार्ड, रक्तगटाची चिठ्ठी सासरच्या कपाटात राहते. माहेरच्या डॉक्टरला तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, मागची कहाणी काहीच ठाऊक नसते. ओटीभरणाच्या ताटात खण-नारळाबरोबर ते कार्डही ठेवावे.

दुसरे काम रक्ताचे. रक्ताला पर्याय कोणत्याही प्रयोगशाळेने अजून दिलेला नाही. सेवाभावी संस्थांच्या रक्तपेढ्यांनी महाराष्ट्रात मोठा विश्वास कमावला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. हेडगेवार रुग्णालयाची दत्ताजी भाले रक्तपेढी हे त्याचे एक उदाहरण. तरीही शिबिरांचे गणित एकदा मांडून पाहिले पाहिजे. रक्ताची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. जयंती-पुण्यतिथीला एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमतात, छायाचित्रे निघतात, आणि दोन महिन्यांनी फडताळ रिकामे असते. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालयांना सुट्या, लग्नसराई आणि ऊन. तेव्हा रक्ताची चणचण सर्वाधिक असते. बाळंतपणे मात्र तिथी पाहून होत नाहीत. पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ एवढे असले की झाले.

प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी रक्तदात्यांचे गट पाडून वर्षभराचे वेळापत्रक करावे. चैत्र-वैशाखात मोठे गट यावेत आणि आरएच निगेटिव्ह रक्तगटाचे दाते शिबिरात न आणता हाकेसरशी येण्यासाठी राखून ठेवावेत. त्यांची यादी जवळच्या रक्तपेढीकडे आणि तालुक्यातील प्रत्येक प्रसूतिगृहाच्या टेबलाच्या काचेखाली असावी. दाता गाव सोडून गेला, आजारी पडला, तर यादीतील नाव त्याच आठवड्यात बदलावे. घाटाखालची यादी वेगळी आणि घाटावरची वेगळी ठेवावी. रात्री घाट उतरून येणाऱ्या दात्याची वाट पाहण्याएवढा वेळ बाळंतिणीजवळ नसतो.